लोट्यात उरलेल्या चिठ्ठ्या

आज कचरू ओट्यावर आला नाही. तुम्ही गेल्यापासून तो रोज यायचा. डोक्याचं फडकं काढून गुडघ्यावर ठेवायचा आणि रस्त्याकडे पाहत बसायचा. पाणी दिलं तरी प्यायचा नाही. तांदळाच्या मिलच्या हौदातून तुम्ही त्याला वर पाठवलंत आणि स्वतः खाली राहिलात, हे त्याला पुरतं ठाऊक आहे. म्हणून तो यायचा आणि म्हणूनच त्याला काही बोलता यायचं नाही. पहिल्या दिवशी तर मला त्याचा रागच आला. हा काहून जिवंत, असं सरळ मनात आलं. तुमच्यापासून काय लपवायचं? आता राग नाही. आज तो आला नाही तर ओटा रिकामा वाटला.

लिहायला बसलं की माझी शाळेतली मराठी बाहेर निघते. तुम्ही हसायचात. म्हणायचात, "भांडतानी कशी आपल्या बोलीत बोलते, आन् कागद घेतला का मास्तरीन होते." हौ, होते. दिवसभर वर्गात पोरांना हिंदीत शिकवायचं, घरी सासूबाईंशी आपल्या बोलीत, मग कागदावर तरी माहेरची शाळा आठवू द्या की. आपलं लग्न झालं त्याच सुमारास राज्यांच्या रेषा नव्यानं आखल्या गेल्या. राजेगावच्या पलीकडचं माझं माहेर एका राज्यात राहिलं आणि मी दुसऱ्यात, हिंदीच्या. तुम्ही तेव्हा नवरदेवाच्या कपड्यातच माझ्या काकांना विचारलं होतं, "रेषा मारली ते कशाहून ठरवलं?" जावई डोक्यानं जरा असाच आहे, असं काकांनी नंतर आईला सांगितलं.

तुम्ही मिलमध्ये लागलात ते तोलकाट्यावर. मग शेठनं तुम्हाला नागपूरला कसल्याशा वर्गाला पाठवलं. कारखान्यातलं काम अंदाजानं न सुधारता आखणी करून, प्रयोग मांडून कसं सुधारायचं, ते तिथं शिकवत. परत आलात ते प्रयोगांच्या खेपा मांडायचा तक्ता घेऊनच. मिलमधल्या बाया तुम्हाला टेस्टवाले बाबू म्हणायला लागल्या आणि आपल्या घराच्या भिंतीवर, जिथे आधी आरसा होता, तिथे तो तक्ता लागला. आरसा दाराच्या मागे गेला. मी वर्षभर अंधारात वेणी घातली.

काम तसं साधं होतं. धान हौदात भिजवायचं, वाफवायचं, पटांगणात वाळवायचं आणि मग कांडायचं. हा झाला उसना तांदूळ. जुन्या रीतीनं धान थंड पाण्यात दोन-दोन, तीन-तीन दिवस पडून राहायचं. ते आंबायचं, भाताला वास यायचा, कांडताना दाणा तुटून कनकी फार पडायची. तुमच्या मनात गरम पाणी होतं. गरम पाण्यात धान काही तासांत भिजतं, वास येत नाही. पण मनात आहे म्हणून करायचं, हे तुम्हाला चालत नव्हतं. पाणी थंड की गरम, वाफ थोडी की जास्त, वाळवण एका दमात की मधे सावलीत थांबवून, या सगळ्याच्या जोड्या लावून तुम्ही खेपा ठरवल्या.

तिथूनच आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणायची, एका वेळी एकच गोष्ट बदला. पाणी बदला, बाकी सगळं होतं तसं राहू द्या, म्हणजे कळेल. सारं एकदम बदललं तर घोळ होणार, हे पहिलीतल्या पोरालाही समजतं. तुम्ही ताटावरून उठलात आणि चुलीजवळ येऊन बसलात.

"भाजीत मीठ किती टाकतं तू?"

"अंदाजानं."

"आन् पानी जास्त झालं तं?"

"तं मीठबी जास्त."

"मंग मिठाचं एकट्याचं काय तपासतं? पानी कमी असतानी तपास, पानी जास्त असतानी तपास. दोन गोष्टी मिळून काय करते, थे एकएकटीले इचारून कळत नाई."

मी म्हणाले, भाजी मला करायची आहे, तुम्हाला नाही, उठा इथून. पटलं नव्हतं मला. शेवटपर्यंत पटलं नाही, निदान तुमच्या शेवटापर्यंत.

खेपांचा क्रम तुम्ही चिठ्ठ्या टाकून काढायचात. घरातला पितळी लोटा तुम्ही मिलमध्ये नेला आणि पटांगणावरच्या बायांची मुकादम पार्वताबाई डोळे मिटून त्यातून चिठ्ठी काढायची. जी निघेल ती खेप आधी. शेठला शुभ म्हणून गुरुवार हवा असायचा, वाफवणाऱ्या मिस्त्रीला सोपी खेप आधी हवी असायची, तुम्ही कोणाचं ऐकलं नाही. सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी तंबाखू मळता मळता हात थांबवला.

"धम्म घेतला, देव्हारा काढला, कौल लावनं सोडलं. आन् आता हा लोट्यात हात घालून राह्यला. मंग देवानं काय घोडं मारलं होतं?"

"आई, कौल देवाले इचारतो. चिठ्ठी कोनालेच इचारत नाई. माह्या मनालेबी नाई. म्हनून टाकतो."

सासूबाई परत तंबाखू मळायला लागल्या आणि म्हणाल्या, "तुह्या बापाचंबी असंच होतं, बोलन्यात सापडे नाई."

आणि मग त्या वाट्या. प्रत्येक खेपेचा मूठमूठ तांदूळ घरी यायचा, दोऱ्याच्या रंगानं ओळखायचा. मी वेगवेगळा शिजवायची, तुम्ही वाट्यांना दोरे बांधायचात आणि सासूबाई, शेजारच्या वच्छलाबाई आणि मी, तिघींनी चव सांगायची. कोणता दोरा कोणत्या खेपेचा ते मिस्त्रीला माहीत, तुम्हालाही नाही. मला झाकण उचलताच वासावरून कळायचं. मी तोंड उघडलं की तुम्ही बोट वर करायचात. "सांगू नको. लिही." सासूबाईंचं ठरलेलं असायचं, "मले तं साराच भात सारखा लागते. वरन आन." तुम्ही तेही तसंच्या तसं उतरवायचात, चेहऱ्यावरची रेषसुद्धा न हलवता. वच्छलाबाई पदराआड हसायच्या. आता त्या येतात, दारात उभ्या राहतात आणि स्वयंपाकघराकडे पाहून परत जातात.

पहिला तक्ता पूर्ण झाला तेव्हा गरम पाण्याचं धान सगळ्यांत सरस निघालं. कनकी कमी, वास नाही. शेठ इतका खूश झाला की ऑफिसात सगळ्यांदेखत तुम्हाला म्हणाला, "बोलो बाबू, सारे हौद गरम पानी के कर देते हैं." तुम्ही घरी येऊन हे सांगितलंत तेव्हा सासूबाईंनी गूळ आणायला सांगितला. मला तुमचा अभिमान वाटला. तोंडानं मात्र मी म्हणाले, आता तरी आरसा जाग्यावर लावा.

दुसऱ्या सकाळी पार्वताबाईनं तुम्हाला पटांगणावर गाठलं. मोठ्या कौतुकानं सांगत होती. "बाबू, तुमच्या गरम पान्याच्या खेपेले आमी पाय नाई लावला. हातानं फिरवलं धान. ऊन चढलं का वरून लुगडी टाकली. दुसऱ्याच्या खेपेले कोन एवढं करते?" बाया एरवी पायानं धान ओढत फिरवतात, तसंच फिरवायचं असतं. पण तुम्ही त्यांच्यासाठी शेठशी भांडून पटांगणाच्या कडेला सावलीला टीन टाकून घेतलं होतं, पाण्याचे माठ ठेवून घेतले होते. त्यांना कळलं होतं की बाबूचा जीव गरम पाण्यात आहे. म्हणून त्यांनी बाबूला जिंकवून दिलं. तुम्ही तिथेच टिनाखाली बसलात म्हणे. पार्वताबाई घाबरली, तिला वाटलं उन्हानं चक्कर आली.

आणि मग तुम्ही ते केलंत. शेठकडे गेलात आणि स्वतःच्या तोंडानं सांगितलंत, "शेठजी, ये हिसाब खरा नहीं. और एक बार होने से कुछ साबित नहीं होता. दुबारा करके देखेंगे." शेठचा उत्साह तेवढाच होता. "जैसी मर्जी," म्हणाला, आणि बॉयलरपासून फक्त दोन हौदांपर्यंत गरम पाण्याचा नळ टाकून दिला, प्रयोगापुरता. बाकीचे हौद थंडच राहिले.

त्या दिवशी मी तुम्हाला काय काय बोलले. "थो हौ म्हनत होता, तुमाले हौ म्हनाले काय झालतं? आलेलं काम लाथाडलं. सत्यवान लागून गेले."

"खोटं ठरलं असतं तं?"

"ठरलं असतं तं ठरलं असतं. पाह्यलं असतं पुढं."

"पुढं कोनं पाह्यलं असतं? तांदूळ बिघडला तं शेठ मले इचारत नाई. बायायच्या माथी मारते, कचरूच्या माथी मारते. त्यायले कामावरून काढते."

मी ताट वाढलं आणि बोलले नाही. तुम्ही जेवलात आणि बोललात नाही. आपल्या संसारात एवढी शांतता कधी झाली नव्हती. सासूबाई दोघांकडे आळीपाळीनं पाहत होत्या.

दुसऱ्या तक्त्याच्या वेळी तुम्ही वाळवणीच्या ढिगांना नुसत्या रंगीत चिंध्या बांधल्या, कोणाला काही कळू दिलं नाही. पार्वताबाई रुसली. "आमच्यावर भरोसा नाई काय आता?" तुम्ही तिला म्हणालात, "भरोसा हाये वो. पन तुमी माया करता, थेच अडचन हाये." ती मला हे सांगून परवा रडली. मी रडले नाही. मला अजून तुमच्यावर रागावायचं होतं.

शेवटची खेप उरली होती. थंड पाण्याची. त्यातच बॉयलरचा नळ फुटला, गोंदियाहून दुरुस्तीचा मिस्त्री यायला उशीर झाला आणि वाफेवाचून ते भिजलेलं धान ऐन चैत्राच्या उकाड्यात हौदात पडून राहिलं, वरून ताडपत्री घट्ट ओढलेली, कचरा जाऊ नये म्हणून. बॉयलर दुरुस्त झाला तेव्हा पाणी सोडून दिलं आणि कचरू नेहमीसारखा धान उपसायला खाली उतरला. उतरला आणि बसला. वरच्यांना वाटलं, काही पडलं ते शोधतोय. मग तो आडवा झाला.

तुमच्या खैरलांजीकडच्या गावात विहीर उपसायच्या आधी दोराला कंदील बांधून खाली सोडतात. विझला तर खालची हवा विषारी, कोणी उतरत नाही. हे मला तुम्हीच सांगितलं होतं, लग्नानंतर पहिल्यांदा गावाला नेलं तेव्हा, त्या विहिरीपाशी उभं राहून. पण हौदात कंदील कोण सोडणार? हौद म्हणजे आपल्या लोकांच्या लेखी विहीर नाहीच, धानाचं भांडं आहे. तिथे चपला काढून जायचं. तिथे घासलेट न्यायचं नाही, धानाला वास लागतो. जमिनीत खोल बांधलेला, माणूस उभा राहिला तरी डोकं वर दिसत नाही असा तो खड्डा, आणि आम्ही सगळे त्याला भांडं समजत आलो. स्वयंपाकाच्या भांड्यात माणूस मरतो असं कोणाच्या मनात येईल?

तुमच्या चपला हौदाच्या काठावर होत्या. जोडीनं, नीट, भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या. एवढ्या घाईत चपला काढायला तुम्हाला वेळ मिळाला. त्या चपलांवर मी अजून रागावते. तुम्ही दोर कचरूच्या काखेत बांधलात, वरच्यांनी ओढला. दोर परत खाली सोडला तेव्हा तुम्ही तो धरला नाही.

मला शाळेतून बोलवायला आले तेव्हा मी फळ्यावर बेरीज लिहीत होते. खडू हातातच राहिला. मिलपर्यंत तसाच हातात होता, नंतर कोणी तरी माझी मूठ उघडली.

शेठ समाचाराला आला. सोबत तांदळाची लहान पिशवी आणली होती, बारीक, चांगला तांदूळ. तेरवी कधी आहे, विचारलं. आमच्यात तेरवी नसते, मी सांगितलं. विहारातले लोक येऊन वंदना म्हणून गेले, झालं. मग मी विचारलं, "हा तांदूळ कोनत्या हौदातला हाये?" त्यानं पिशवी ओट्यावर ठेवून दिली. त्या हौदातलं धानही वाळवून कांडून विकलं गेलं, हे मला पार्वताबाईकडून कळलं. कोणाच्या ताटात गेलं असेल कोण जाणे. पिशवी मी उचलली नाही. ती तो परतही घेऊन गेला नाही. ओट्यावर राहिली आणि चिमण्यांनी फोडली.

मी शेठला म्हणाले, ते हौद बंद करा, सगळीकडे गरम पाणी न्या. त्यानं हात जोडले. आवाज अगदी मऊ. "देखो बाई, इतने साल में ये एक ही बार हुआ है. बाबू खुद कहते थे, एक बार होने से कुछ साबित नहीं होता."

तुमचंच वाक्य. जसंच्या तसं. मला कोणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. ते वाक्य खोटं आहे असं मी म्हणू शकत नव्हते. मी एवढे दिवस त्याच वाक्याशी भांडत आले आणि आता ते शेठच्या तोंडात जाऊन बसलं. त्या दिवशी मी तुमचा तक्ता भिंतीवरून काढला. खालची भिंत पांढरी निघाली. थोड्या वेळानं परत लावला, कारण दुसरं काही सुचेना.

मग कचरू बोलला. ओट्यावर बसल्या बसल्या, रस्त्याकडे पाहतच. "बाई, मिल सुरू झाली. थंड पान्याचे हौद भिजू घातले. परवा उपसाले उतरा म्हनते. नाई उतरलो तं दुसरा गडी लावतो म्हनते."

"मंग?"

"उतरा लागन."

तुम्ही ज्याला वर पाठवलंत, तो परवा परत खाली जाणार होता. मी आत गेले, चुलीपुढे बसले. भाजीत मीठ पडलं होतं की नाही ते आठवेना. आणि तिथे, तुमचं ते मीठ आणि पाणी डोक्यात आलं. थंड पाण्याच्या हौदात लोक वर्षानुवर्षं उतरत आले, कोणी मेलं नव्हतं. ताडपत्रीही नेहमीची, पण थंड हौदावर एवढी घट्ट कधी ओढत नसत. मग तुमच्या दिवशी एवढंच वेगळं होतं काय? शेठला नुसतं थंड पाणी वाईट म्हणून सांगितलं तर तो म्हणणार, इतकी वर्षं तेच आहे. नुसती ताडपत्री वाईट म्हटलं तर म्हणणार, गरम हौदावरही तीच असते. दोन्ही मिळून काय करतात, ते विचारायला पाहिजे होतं. तुमच्यासारखं.

मी पार्वताबाईकडे गेले. ताडपत्री कोणत्या हौदांवर घट्ट ओढायची आणि कोणते उघडे ठेवायचे, ते तिथेच तिच्या ओट्यावर चिठ्ठ्या टाकून ठरवलं. गरम पाण्याचे दोन हौद आदल्या रात्री भरायचे होते, त्यांतला एक झाकायचा, एक उघडा. थंडपैकी दोन तसेच. तिनं बायांना सांगून तेवढंच केलं. "आन् माया करजा नको," मी म्हणाले. ती म्हणाली, "आता कोनासाठी करू?"

उपसायच्या दिवशी सकाळी मी शाळेत रजा टाकली. एका हातात लोटा, एका हातात घरचा कंदील. हौदांतलं पाणी पहाटेच सोडून दिलं होतं. पटांगणावर बाया टोपल्या पालथ्या घालून त्यावर बसल्या होत्या, कामाला हात लावत नव्हत्या. शेठ आला तो चिडूनच आला. पार्वताबाई म्हणाली, "कंदील सोडू द्या हौदात, मंग उठतो." मिस्त्री म्हणाला, घासलेटाचा वास लागेल धानाला. मी म्हणाले, लागू द्या. कचरूनं चपला काढल्या. मी काढल्या नाहीत.

भीती मला होती, सांगते. कंदील कुठेच विझला नाही तर? तर मग शेठ खरा, आणि कचरू खाली. मनातल्या मनात मी तुमचा धावा करत होते, आणि तुम्ही असता तर म्हणाला असता, माझा कशाला करतं, चिठ्ठी काढ. पार्वताबाईनं डोळे मिटले आणि काढली. गरम, झाकलेला. कचरूनं ताडपत्रीचं एक टोक उचललं, कंदील खाली धानापर्यंत सोडला, थांबला, वर घेतला. जळत होता. शेठनं माझ्याकडे पाहिलं, त्याचा चेहरा सैल झाला. दुसरी चिठ्ठी थंड, उघडा. ज्योत जराशी बसली, पण वर आली ती जळतच. मिस्त्री म्हणाला, "देखा, कुछ नहीं है." मी लोटा परत पार्वताबाईपुढे धरला.

तिसरी चिठ्ठी थंड, झाकलेला. कंदील खाली जायला लागला. अर्ध्यावर ज्योत पिवळी पडली, लहान झाली, आणि धानाला टेकायच्या आधीच गेली. कोणी फुंकर मारावी तशीही नाही. नुसती गेली. हौदात अंधार झाला आणि कचरूनं दोर दोन्ही हातांनी धरला. पार्वताबाईनं पदर तोंडाशी नेला.

शेठ म्हणाला, "बस. समझ गया."

मी म्हणाले, "आजून चिठ्ठ्या हायेत लोट्यात."

सगळ्या काढल्या. प्रत्येक हौद पुन्हा. तुम्ही केलं असतं तसंच. कंदील विझला की पुसून, पेटवून परत सोडायचा. शेठ उन्हात उभा राहिला, त्याला कोणी खुर्ची आणली तर त्यानं नको म्हटलं. गरम पाण्यात कंदील एकदाही विझला नाही, झाकलेलं असो की उघडं. थंड पाण्यात उघड्या हौदात तगला. थंड पाण्यात झाकलेल्या हौदात दर खेपेला गेला. मी विझलेला कंदील हातात घेऊन उभी होते आणि तेव्हा मला कळलं की थंड पाण्यात धान आंबून सुटणारी हवा ताडपत्रीखाली कोंडते, आणि तुमचा जीव एका ताडपत्रीपायी गेला. कोणी आदल्या दिवशी ती ओढून बाजूला टाकली असती तर तुम्ही त्या दिवशी घरी जेवायला आला असता. गरम पाण्याचीही गरज नव्हती. मला एवढं कळायला तुम्ही मरायला पाहिजे होतं काय, सांगा.

शेठनं हुकूम दिला. उपसायच्या आदल्या दिवशी ताडपत्री काढायची, आधी कंदील सोडायचा, मगच माणूस. गरम पाण्याच्या नळाचं विचारलं तर म्हणाला, "अगले साल देखेंगे." या हुकुमात त्याचं काही जात नव्हतं, म्हणून लगेच झाला. मी तेवढं घेतलं. जाताना तो माझ्याजवळ थांबला. टिंगल नव्हती त्याच्या आवाजात, खरंच विचारत होता. "बाई, अब तो साबित हुआ?"

मी म्हणाले, "थे त्याच दिवशी साबित झालतं, शेठजी. आज तुमाले दिसलं."

कचरू आज कामावर आहे. कंदील सोडायचं काम त्यालाच दिलं आहे. हौदात उतरायला पाय धजत नाही म्हणून रडत होता, आता काठावर उभा राहतो, आधी ज्योत पाहतो. संध्याकाळी येऊन मला सांगून जाईल, आज जळत होता, आज विझला. सासूबाई त्याच्यासाठीही भात टाकायला सांगतात. मी टाकते. त्यांना अजून साराच भात सारखा लागतो.

मिठाचं आणि पाण्याचं तुमचं बरोबर होतं, हे मी मान्य करते. पहिल्या तक्त्यात बायांची माया मिसळली होती, म्हणून तुम्ही शेठला नाही म्हणालात, तेही बरोबर होतं. माझ्याजवळ तुमच्याविरुद्ध एकही मुद्दा उरला नाही. तुम्ही सगळीकडे बरोबर होतात आणि घरात नाही आहात. आरसा मी अजून जाग्यावर लावलेला नाही, तिथे तुमचा तक्ताच आहे, शेवटच्या खेपेची जागा कोरी.

पण त्या दिवशी शेठ सारे हौद गरम पाण्याचे करायला हौ म्हणत होता. तुम्हीही हौ म्हणायला पाहिजे होतं. मी ताट वाढून गप्प बसले, तुम्ही जेवून गप्प बसलात, आणि ते भांडण तिथेच राहिलं. आता मी बोलून राह्यली. तुमी बोला.